कॉफीचं आधण लवकर कसं आणावं

घरी नव्यानं कॉफी करू लागलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेकदा कॉफीची नसते, पाण्याची असते. फ्रेंच प्रेस (दट्ट्यानं पूड तळाशी दाबायचं भांडं) आणलेला असतो, चिकमगळूरच्या ताज्या भाजलेल्या बिया आणलेल्या असतात, आणि सकाळी साडेसातला एका शेगडीवर कुकर आणि दुसरीवर पोळ्यांचा तवा. आधण ठेवायला जागाच नाही. मग कुणीतरी इलेक्ट्रिक केटल घ्यायला सांगतं, आणि दुकानात गेलं की समोर पन्नास केटल: 600 वॅटची, 1500 वॅटची, दोन लिटरची, बगळ्यासारख्या मानेची, आकडे दाखवणारी. यातली कोणती घ्यायची, की घ्यायचीच नाही, हे ठरवायला थोडा हिशेब करावा लागतो. तो अवघड नाही.

आधी एक खुलासा. इन्स्टंट पावडर, भरपूर दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ अशी आपल्या घरांतली जुनी कॉफी करत असाल, तर इथेच थांबा. ती दुधात उकळते, तिला पाणी नावापुरतं लागतं, आणि तिच्यासाठी गॅस आणि पातेल्याहून चांगलं साधन अजून कुणी काढलेलं नाही. पुढचं सगळं दळलेल्या बियांवर गरम पाणी ओतून करायच्या कॉफीबद्दल आहे.

पायरी १: पाणी मोजा

वेग वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कमी पाणी तापवणं. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण बहुतेक घरांत एका कपासाठी अर्धी केटल भरून उकळली जाते आणि उरलेलं पाणी तिथेच गार होत पडतं.

एका मगाला साधारण 15 ग्रॅम पूड आणि 240 मिलि पाणी लागतं, म्हणजे पुडीच्या सोळापट. कागदी फिल्टर वापरत असाल तर तो ओला करायला आणि कॉफीचा मग आधी गरम करून घ्यायला आणखी शंभर-एक मिलि धरा. म्हणजे एकट्यासाठी 350 मिलि, दोघांसाठी 600 मिलि पुरे.

आता वेळ. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता लागते. नळाचं पाणी 25 अंशांचं धरलं तर उकळीपर्यंत 75 अंश चढायचे आहेत. चांगली केटल घेतलेल्या विजेतला 85 टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याला देते. या सगळ्याचा गुणाकार-भागाकार केला की लक्षात ठेवण्याजोगा एकच आकडा उरतो: 1500 वॅटच्या केटलला दर 100 मिलि पाण्यामागे साधारण 25 सेकंद लागतात. 350 मिलिला दीड मिनिट, लिटरला चार मिनिटं. 600 वॅटच्या प्रवासी केटलला त्याच 100 मिलिला एक मिनिट लागतं.

नाशिक-पुण्याकडे ऐन थंडीत टाकीचं पाणी पंधरा अंशांवर आलं की यात दहा-पंधरा टक्के वाढ धरा. आणि माठातलं पाणी प्यायला कितीही गोड लागो, आधणाला घेऊ नका. ते नळाच्या पाण्यापेक्षा काही अंश गार असतं, आणि ते अंश परत चढवायला तुम्हालाच थांबावं लागतं.

मग गीझरचं गरम पाणी का घेऊ नये, असा प्रश्न चाणाक्ष माणसाला पडतोच. वेळ निम्मा होईल हे खरं. पण गीझरच्या टाकीत पाणी तासन्‌तास साठून असतं, तळाशी क्षार आणि गाळ बसतो, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी हळूहळू त्याच पाण्यात विरघळत असते. अंघोळीला चालेल, पोटात नको.

पायरी २: घाई खरंच आहे का?

कॉफीचा प्रकार ठरवल्याशिवाय पाण्याचा वेग ठरवणं म्हणजे बाजारात जायच्या आधीच पिशवीच्या मापावरून भांडण्यासारखं आहे.

दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा किंवा पितळी फिल्टर वापरत असाल तर कॉफीचा काढा थेंबथेंब गळायला पंधरा-वीस मिनिटं जातातच. तिथे पाणी दोन मिनिटांत उकळलं काय आणि पाच मिनिटांत उकळलं काय, फरक शून्य. बरेच जण रात्रीच फिल्टर लावून झोपतात. त्यांनी केटलवर पैसे घालवू नयेत.

मोका पॉटचं वेगळं आहे. अल्फोन्सो बियालेट्टी या इटालियन गृहस्थांच्या नावानं 1933 पासून ओळखलं जाणारं हे भांडं स्वतःच शेगडीवर बसतं आणि खालच्या पाण्याच्या वाफेनं ते पाणी पुडीतून वर ढकलतं. गार पाणी भरून ठेवलं की पाणी तापेपर्यंत वरची पूडही भाजत राहते आणि कॉफीला करपट कडू चव येते. खालच्या भागात आधीच उकळलेलं पाणी भरा, झडपेच्या खालपर्यंतच, आणि घट्ट फिरवताना बूड फडक्यानं धरा. पहिल्या दिवशी फडकं विसरलात तर दुसऱ्या दिवशी आपोआप आठवेल. इथे केटलचा खरा उपयोग आहे.

फ्रेंच प्रेस, व्ही-60 सारखी ओतून गाळायची शंकू, हातानं दाबून कॉफी काढायची एअरोप्रेसची नळी, या तिन्हींना चांगलं तापलेलं पाणी तयार हवं असतं. पण तिथेही एक गोष्ट ध्यानात घ्या. हातचक्कीवर 15 ग्रॅम बिया दळायला एक ते दोन मिनिटं जातात. केटल त्याच वेळात उकळते. म्हणजे त्याहून वेगवान साधनावर जास्त पैसे घातले तर वाचलेल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही चक्कीच फिरवत असाल. पाणी आणि पूड एकाच वेळी तयार होणं, एवढाच वेग आपल्याला हवा आहे.

पायरी ३: भिंतीकडे बघा

दुकानात जायच्या आधी ओट्यावरचं सॉकेट बघा. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. 1500 वॅटची केटल साडेसहा अँपिअर ओढते, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ. छोट्या भोकांचं साधं सॉकेट सहा अँपिअरचं असतं, म्हणजे 1380 वॅटपर्यंतचं. मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंट सोळा अँपिअरचा, जुन्या इमारतींत पंधराचा.

बऱ्याच केटलना छोटी पिन असते, त्यामुळे ती साध्या सॉकेटमध्ये बसते आणि चालतेही. दोन-चार मिनिटांच्या कामात बहुधा काही होत नाही. पण सॉकेट जुनं, ढिलं, पिवळं पडलेलं असेल तर ते तापतं. केटल बंद झाल्यावर पिन काढून हात लावून बघा. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. भाड्याच्या खोलीत हे पहिल्याच दिवशी करा. एक्स्टेंशन बोर्डावर केटल लावू नका, आणि त्याच बोर्डावर मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि केटल अशी वरात तर नकोच. एमसीबी पडेल आणि घरातल्या सगळ्यांना कळेल की कॉफी चालू आहे.

घरचा साधा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, केटलचा भार त्याला झेपत नाही. जिथे वीज वेळी-अवेळी जाते तिथे गॅसची सवय मोडू नका.

आणि हो, परदेशी जाणाऱ्यांसाठी. इथली 230 व्होल्टची केटल बॅगेत घालून अमेरिकेला नेली, नुसता पिनचा अडॅप्टर लावला, तर ती 120 व्होल्टवर जेमतेम चारशे वॅटची होते. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव होते, आणि एका मगाला पाचेक मिनिटं बसावं लागतं. तिकडची केटल इकडे आणून लावणं त्याहून वाईट, ती लगेच जळते. अमेरिकेत तिथलीच घ्या, ती सहसा 1500 वॅटची मिळते. इंग्लंडमध्ये मात्र तीन हजार वॅटच्या केटल सर्रास आहेत, 100 मिलिला बारा-तेरा सेकंद. पुण्याहून लंडनला गेलेला माणूस पहिल्या सकाळी चक्की शोधत असतानाच पाणी उकळून मोकळं झालेलं असतं.

पायरी ४: साधन निवडा

गॅस. नवं काही घ्यायला नको, वीज गेली तरी चालतो, आणि अर्धा लिटर तीन ते चार मिनिटांत उकळतो. वेळ जातो तो आपल्या सवयींमुळे. लहान, उंच भांडं मोठ्या बर्नरवर ठेवून आच पूर्ण सोडली की ज्वाळा भांड्याच्या कडेनं वर जातात आणि पाण्याऐवजी स्वयंपाकघर तापतं. पसरट बुडाचं भांडं घ्या, ज्वाळा बुडाच्या आत राहील एवढीच आच ठेवा, आणि झाकण ठेवा. झाकणानं पडणारा फरक ज्यांना खोटा वाटतो त्यांनी एकदा घड्याळ लावून बघावं. ज्वाळा पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोकं तुंबली आहेत, आधी ती साफ करा.

इलेक्ट्रिक केटल. एक-दोन माणसांच्या घरासाठी माझं मत सरळ हिच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण वेगापेक्षा वेगळं आहे: ती आपोआप बंद होते. पाणी उकळलं की वाफ एका फटीतून खाली किंवा मुठीत असलेल्या दोन धातूंच्या जोडपट्टीपर्यंत जाते. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात, पट्टी टचकन उलटी वाकते आणि बटण पडतं. म्हणूनच झाकण उघडं ठेवलं तर केटल बंद होत नाही, वाफ पट्टीपर्यंत पोचतच नाही. ‘केटल बिघडली’ म्हणून दुकानात परत नेण्याआधी झाकण नीट लागतंय का बघा.

तिच्यात दूध उकळू नका. दूध उतू जाऊन बटणात शिरतं, आणि बुडाला जे करपतं ते पुढच्या महिनाभराच्या कॉफीला पुरतं. वसतिगृहात केटलमध्ये मॅगीही होते हे मला ठाऊक आहे. पण त्या केटलमधल्या पाण्याच्या कॉफीला मसाल्याचा वास येतो, हेही ठाऊक आहे.

इंडक्शन. आधीच घरात असेल तर वेगळी केटल घेऊच नका. बूड स्वतःच तापत असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते, आणि पूर्ण ताकदीवर वेग केटलच्या तोडीचा, कधी वरचढही. अट एकच, भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा मोका पॉटही नाही. फार लहान बुडाचं भांडं ठेवलं तर अनेक शेगड्या ते ओळखतच नाहीत.

मायक्रोवेव्ह. एकाच कपाला, दुसरं काही नसेल तेव्हा. 200 मिलिला दीड-दोन मिनिटं. इथे एक खरा धोका आहे. गुळगुळीत काचेच्या कपात पाणी कधीकधी उकळीच्या वर तापतं, पण बुडबुडा धरायला जागा नसल्यानं शांत दिसतं. त्यात चमचा किंवा पूड पडली की ते एकदम उसळून हातावर येतं. तापवतानाच कपात लाकडी काडी ठेवा आणि बाहेर काढायच्या आधी अर्धं मिनिट थांबा.

पाणी तापवायची दांडी, म्हणजे रॉड. नको. ती बादलीसाठी आहे. चालू असताना पाण्याला हात लागला तर जिवावर बेतू शकतं, आणि तिच्यावर बसलेला क्षारांचा थर तुम्ही पिणार आहात.

खर्चाची काळजी यातल्या कशातच करू नका. अर्धा लिटर पाणी केटलमध्ये वीस वेळा उकळलं की कुठे एक युनिट होतं. गॅसचं म्हणाल तर 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये तेवढंच पाणी दोन हजारांच्या आसपास वेळा उकळेल. बिलावर दिसेल असा फरक नाही.

पायरी ५: केटल घ्यायची ठरलीच तर

डब्यावर मोठ्या अक्षरात लिटर छापलेले असतात. ते सोडा आणि आतली ‘किमान’ची रेघ शोधा. दीड लिटरच्या बऱ्याच केटलमध्ये ती अर्ध्या लिटरवर असते. म्हणजे एकट्याच्या 350 मिलिसाठी रोज दीडशे मिलि जास्तीचं तापवायचं, आणि वाचवलेली पस्तीस-चाळीस सेकंदं तिथेच घालवायची. एकट्यादुकट्यानं एक लिटरची किंवा त्याहून लहान घ्यावी, पण 1500 वॅटचीच. लहान केटल घेताना हमखास फसतात ते इथे: आकार लहान आणि वॅटही लहान.

मग हात घालून बघा. तोंड एवढं रुंद हवं की हात आत जाऊन घासता येईल. आत उघडी तार नको, सपाट स्टीलचं बूड हवं. पाण्याला लागणारा भाग शक्यतो पूर्ण स्टीलचा असावा. स्वस्त केटलच्या झाकणाच्या आतलं प्लास्टिक पहिले काही दिवस वास सोडतं. आयएसआय मार्क बघा. वायरची लांबी बघा, ती मुद्दाम आखूड असते म्हणजे ओट्यावरून लोंबून लहान मुलांच्या हाती लागत नाही. तुमचं सॉकेट लांब असेल तर हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

बगळ्याच्या मानेची केटल ओतून गाळायच्या कॉफीला फार छान, कारण बारीक, सावकाश धार धरता येते. पण त्यातल्या काही कमी वॅटच्या असतात आणि किंमत दुप्पट-तिप्पट. नव्या माणसानं साध्या केटलमध्ये पाणी उकळून लहान चोचीच्या स्टीलच्या जगमधून ओतावं. तेच काम होतं, आणि जगमध्ये ओतताना पाणी काही अंश उतरतं, त्याचा फायदाच आहे. कसा, ते पुढच्या पायरीत.

पायरी ६: उकळी ऐकायला शिका

कॉफीला साधारण 90 ते 96 अंशांचं पाणी मानवतं. आकडे दाखवणारी केटल नसली तरी काही अडत नाही, पाणी बोलतं. सत्तरच्या आसपास तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात. मग सूं-सूं असा आवाज वाढत जातो. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात शिरताच फुटून मिटतात, त्याचा तो कोलाहल. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता वर येतात आणि आवाज एकदम जाड, मोकळा होतो. खळखळ आली.

आता झाकण उघडून अर्धा-एक मिनिट थांबा, किंवा जगमध्ये ओता. गडद भाजलेली पूड असेल तर आणखी थोडं गार चालेल, नाहीतर कडवटपणा वर येतो. हलक्या भाजलेल्या बियांना मात्र थांबू नका, उतरवल्या उतरवल्या ओता.

तुम्ही कुठे राहता यावरही हे ठरतं. दर तीनशे मीटर उंचीला उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. मुंबईत पाणी 100 अंशांना उकळतं, पुण्यात 98 ला, महाबळेश्वरला 95-96 ला. महाराष्ट्रात जिथे कॉफी पिकते त्या चिखलदऱ्यातही तसंच, 96 च्या जवळपास. तिथे थांबायची गरजच नाही, उकळी हेच योग्य तापमान. लेहला तर 88 ला उकळी फुटते आणि हलकी भाजलेली कॉफी कितीही केलं तरी फिकीच लागते. तिकडे जाताना गडद भाजलेली न्या.

पायरी ७: सकाळचा क्रम

पाणी मगानं मोजून केटलमध्ये घाला आणि बटण दाबा. मगच बिया मोजा. उलटा क्रम केला तर दळून झाल्यावर पाण्याची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि ही चूक निम्मे लोक रोज करतात. दळून होईतो बटण पडतं. थोडं पाणी मगात आणि फिल्टरवर फिरवून टाका, तेवढ्यात उरलेलं पाणी हवं तिथे उतरलेलं असतं.

दुपारी दुसरा कप लागत असेल तर सकाळीच थोडं जास्त उकळून चांगल्या थर्मासमध्ये भरा. चार-पाच तासांनी ते अजून बऱ्यापैकी कडकडीत असतं, आणि केटलमध्ये ओतलं की अर्ध्या मिनिटात खळखळतं. ऑफिसात केटल लावू देत नसतील तर एअरोप्रेसला थर्मासचं पाणी तसंच चालतं. त्याला ऐंशी-पंचाऐंशी अंशही पुरतात.

पायरी ८: पांढरा थर

सहा महिन्यांनी केटल हळू झाली असं वाटलं तर आत बघा. बोअरवेलचं किंवा जड पाणी असेल तर बुडावर पांढरट खडबडीत थर असतो. तो चुन्याचा. उष्णतेला पाण्यापर्यंत पोचायला आधी तो ओलांडावा लागतो, आणि त्याचे कपचे कपात उतरतात ते वेगळंच. तारेच्या घासणीनं खरवडू नका. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घाला, उकळा, वीस मिनिटं ठेवून ओतून द्या. थर फसफसून सुटतो. मग साधं पाणी दोनदा उकळून फेका. व्हिनेगरनंही होतं, पण वास दोन दिवस जात नाही. केटल नळाखाली धरून बाहेरून धुवायची नाही, बुडातल्या जोडणीत पाणी जातं. ओल्या फडक्यानं पुसा.

आरओच्या पाण्यानं हा थर जवळजवळ बसत नाही. मात्र फार कमी क्षारांच्या पाण्यात कॉफी सपक लागते, कारण चव ओढून काढायला थोडे क्षार लागतातच. आमच्या घरी निम्मं आरओचं आणि निम्मं साधं गाळलेलं नळाचं पाणी असा समझोता आहे, आणि लिंबूसत्वाची पुडी दर दोन महिन्यांनी निघते.